घरी चालणारा कोड लॅबमध्ये का अडतो? वेगळ्या ओएसवर येणाऱ्या कंपायलर एरर कशा सोडवायच्या

घरच्या विंडोज लॅपटॉपवर प्रोग्रॅम मस्त चालतो. तोच पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या उबुंटू लॅबमध्ये गेलात, किंवा फोनमधल्या टर्मक्समध्ये टाकलात, की स्क्रीनभर एरर. बाजूला सर उभे, हातात मार्कांची शीट. "पण सर, घरी चालला होता!"

गंमत म्हणजे हे बहुतेक वेळा खरं असतं. कोड तोच असतो, पण त्याच्या आजूबाजूचं बदललेलं असतं: कंपायलर, त्याच्याबरोबर येणारी लायब्ररी, फाइल सिस्टिम आणि कधी कधी प्रोसेसरसुद्धा. यातलं नेमकं काय बदललं हे शोधलं की निम्मं काम झालं. या लेखात सी आणि सी++ धरून बोलूया, कारण हा त्रास तिथेच सगळ्यात जास्त होतो.

आधी सगळ्यात वरची एरर वाचा

फोनवर कंपाइल करताना शेवटच्या ओळीच दिसतात आणि आपण त्याच वाचत बसतो. असं करू नका. वर स्क्रोल करा आणि पहिली एरर शोधा. एक हेडर सापडलं नाही तर खाली पन्नास एरर येऊ शकतात, आणि त्या पन्नासांना काही अर्थ नसतो. पहिली दुरुस्त करा, परत कंपाइल करा, मग पुढची बघा.

"नो सच फाइल ऑर डिरेक्टरी"

याची दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे ते हेडर त्या सिस्टिमवर नाहीच. आपल्याकडे अजून बऱ्याच जणांची सुरुवात टर्बो सी++ वर होते. ते बोरलँड कंपनीचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर आहे. त्यातलं 'कोनिओ डॉट एच' हे हेडर सी भाषेच्या स्टँडर्डचा भाग कधीच नव्हतं. त्यामुळे लिनक्सवर 'क्लियर-स्क्रीन' आणि 'गेट-सीएच' या दोन्ही सवयी सोडाव्या लागतात. प्रॅक्टिकलच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची तशी गरजही नसते, बिनधास्त काढून टाका. 'आयओस्ट्रीम डॉट एच'चंही तसंच. १९९८ च्या सी++ स्टँडर्डमध्ये हे हेडर 'डॉट एच' न लावता लिहायचं ठरलं, आणि 'सी-आउट' हे 'एसटीडी' नेमस्पेसमध्ये गेलं. 'व्हॉइड मेन'ही टर्बोने खपवून घेतलं, पण जी++ सरळ एरर देतो. 'इंट मेन' लिहा, विषय संपला.

उलट दिशेनेही असंच होतं. कोडिंग स्पर्धावाले वापरतात ते 'बिट्स' फोल्डरमधलं, सगळं एकदम आणणारं हेडर जीसीसीच्या लायब्ररीचं आहे. व्हिज्युअल स्टुडिओत ते मिळत नाही. मॅकवर 'जीसीसी' टाइप केलं तरी मागे ॲपलचा क्लँग चालतो, म्हणून तिथेही नाही.

दुसरं कारण जास्त छळतं: लहान-मोठी अक्षरं. फाइलचं नाव लहान एसने 'स्टुडंट डॉट एच' आणि इन्क्लूडमध्ये मोठा एस. विंडोज हा फरक मनावर घेत नाही, मॅकही डीफॉल्ट सेटिंगमध्ये घेत नाही. लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाइल वाटतात. हे टाळायचं असेल तर सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांतच ठेवायची. विंडोजवर फक्त अक्षराचा आकार बदलला तर गिटला तो बदल कळत नाही, तेव्हा 'गिट एमव्ही' कमांडनेच नाव बदला.

"अनडिफाइन्ड रेफरन्स टू…"

ही कंपायलरची नाही, लिंकरची तक्रार आहे. म्हणजे तुमचा कोड समजला, पण ते फंक्शन कुठल्या लायब्ररीत आहे ते सापडलं नाही. नेहमीचं उदाहरण वर्गमुळाच्या 'एसक्यूआरटी'चं. लिनक्सवर सी प्रोग्रॅमसाठी मॅथ लायब्ररी वेगळी जोडावी लागते: कमांडमध्ये फाइलच्या नावानंतर, शेवटी 'हायफन एलएम'. आधी लिहिलं तर उपयोग होईलच असं नाही. विंडोजच्या मिनजीडब्ल्यूवर हे लागत नाही, म्हणून घरी कधी कळतच नाही. आणि १६ चं वर्गमूळ थेट आकडा टाकून काढलं तर लिनक्सवरही चालतं, कारण जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो. व्हेरिएबल टाकलं की एरर. मी यात एक पूर्ण दुपार घालवली आहे.

वॉर्निंग होती, आता एरर झाली

डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर जुने सी कंपायलर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचे. क्लँग १६ आणि जीसीसी १४ पासून ती थेट एरर आहे. लॅबमध्ये जुना जीसीसी आणि फोनवर टर्मक्सचा नवा क्लँग असेल, तर तोच प्रोग्रॅम लॅबमध्ये चालणार आणि फोनवर अडणार. यात फोनचा दोष नाही, हेडर टाकायचं राहिलंय.

टर्मक्सबद्दल आणखी एक: डाउनलोड फोल्डरमध्ये कंपाइल करून तिथूनच प्रोग्रॅम चालवायला गेलात तर 'परमिशन डिनाइड' येतं. शेअर्ड स्टोरेजमधून प्रोग्रॅम चालवायला अँड्रॉइड देत नाही. फाइल टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

एरर नाही, पण उत्तर चुकतं

हा सगळ्यात वाईट प्रकार. माझी मावसबहीण डिप्लोमाला आहे. घरी लॅपटॉप नाही, सगळा सराव फोनवर. फाइलमधली अक्षरं मोजायचा तिचा प्रोग्रॅम लॅबमध्ये नीट चालायचा, फोनवर मात्र थांबायचाच नाही. "फोनवर कोडिंग होत नसतं," असं तिला सगळ्यांनी ऐकवलं आणि घरी लॅपटॉपसाठी कर्ज काढायचं बोलणं सुरू झालं. तिने मला कोड पाठवला. वाचलेलं अक्षर ती 'कॅर' टाइपमध्ये ठेवत होती (कोणी याला 'चार' म्हणतं) आणि ते 'ईओएफ'शी ताडून बघत होती.

ईओएफ म्हणजे साधारण −१. इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर कॅर साइन्ड असतो, त्यात −१ बसतो आणि लूप थांबतो. अँड्रॉइड फोनच्या एआरएम प्रोसेसरवर कॅर अनसाइन्ड धरला जातो. तिथे −१ चा २५५ होतो, आणि २५५ कधीच −१ नसतो. लूप चालूच. स्टँडर्डने दोन्हीला परवानगी दिली आहे. वाचलेलं अक्षर 'इंट'मध्ये ठेवलं की दोन्हीकडे चालतं. खरं तर लॅबमध्येही तो कोड चुकीचाच होता: फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला असता तर मोजणी मध्येच थांबली असती. तिथे फक्त चूक पकडली जात नव्हती. लॅपटॉपचं पुढे ढकललं गेलं.

'लाँग'चंही असंच आहे. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर मात्र ४ बाइटचा. लाँगमध्ये फॅक्टोरिअल काढून बघा. १२ पर्यंत दोन्हीकडे उत्तर सारखं. १३ चं खरं उत्तर ६२२७०२०८००, पण विंडोजवर बहुधा १९३२०५३५०४ दिसेल. 'लाँग लाँग' वापरलं तर २० पर्यंत सगळीकडे बरोबर येतं, फक्त प्रिंटएफमध्ये फॉरमॅटही 'एलएलडी' करा. टर्बोमध्ये तर साधा इंट २ बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गाडी जात नाही, म्हणजे ८ च्या फॅक्टोरिअललाच गडबड.

विंडोजवर बनवलेली टेक्स्ट फाइल लिनक्सवर वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न राहतं. 'पुणे' आणि 'पुणे' सारखे दिसूनही स्ट्रिंग कंपेअर नाही म्हणतं. फाइल 'डॉस टू युनिक्स' या छोट्या टूलमधून काढून घ्या.

सबमिशनच्या आदल्या दिवशी

कंपाइल करताना वॉर्निंग दाखवणारा 'हायफन डब्ल्यू ऑल' हा पर्याय लावा (डब्ल्यू कॅपिटल). व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत न देणं, प्रिंटएफमध्ये चुकीचा फॉरमॅट टाकणं, अशा बऱ्याच चुका इथे सापडतात. मग तोच कोड दुसऱ्या कंपायलरवर एकदा चालवा. फोनवर क्लँग आणि ब्राउझरमधल्या एखाद्या ऑनलाइन कंपायलरवर जीसीसी, एवढं पुरे.

तरीही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल, तर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. पहिल्या एररचा पूर्ण मजकूर कॉपी करा, सोबत ओएसचं नाव, वापरलेली कमांड आणि कंपायलरचं व्हर्जन द्या. व्हर्जन बघायला कंपायलरच्या नावापुढे दोन हायफन आणि 'व्हर्जन' लिहायचं.