श्वानांमधील आतड्यांचा चिवट दाह

वाशी, नेरुळ वा खारघरमधील सदनिकेत वाढणाऱ्या श्वानाला एखाद्या दिवशी उलटी किंवा जुलाब झाले, तर घरात फारशी चिंता केली जात नाही. दही-भात दिला जातो आणि बहुतेकदा दोन दिवसांत पोट पूर्ववत होतेही. मात्र हीच तक्रार तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, किंवा औषध थांबताच परतू लागली, तर ते साधे अपचन राहत नाही. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा संशय तेथून सुरू होतो.

या विकारात रोगप्रतिकारक पेशी आतड्याच्या अस्तरात गर्दी करतात. रोजचे अन्न आणि आतड्यातील नेहमीचे जीवाणू यांनाच शरीर शत्रू मानू लागते. लहान आतडे बाधित असल्यास श्वान खाऊनही वाळत जातो. मोठे आतडे बाधित असल्यास थोडे थोडे, वारंवार, आव किंवा ताज्या रक्तासह शौच होते. लस न झालेल्या पिल्लाला अचानक रक्ताचे जुलाब व उलट्या झाल्यास मात्र पार्व्हो विषाणूची शक्यता मोठी असते. तेथे आठवडे सोडाच, काही तासांचीही दिरंगाई जिवावर बेतते.

दाहाचे निदान इतर कारणे वगळूनच करावे लागते. अंकुशकृमी, चाबूककृमी व जिआर्डिया यांसाठी शौचाची तपासणी एकदा करून भागत नाही, ती दोन-तीन दिवसांच्या नमुन्यांवर व्हावी लागते. गोचिडांमुळे होणारे रक्तातील संसर्ग, यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंडाचे विकारही पाहावे लागतात. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके कुणी प्रेमापोटी दिली आहेत का, हेही विचारले जाते. त्यांनी श्वानाच्या जठरात व्रण पडतात.

यानंतरची पायरी म्हणजे आहारबदल, आणि घोडे अडते ते येथेच. दीर्घकाळ जुलाब असलेल्या श्वानांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आहार बदलल्याने सुधारतात. बहुतेकांत दोन आठवड्यांतच फरक दिसतो. त्यासाठी पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला तयार वैद्यकीय आहार द्यावा लागतो. चिकन-भातावर वाढलेल्या श्वानाला मासळी नवी ठरेल. दिवाळे वा सारसोळेच्या कोळीवाड्यातील श्वानाला ती ठरणार नाही. शाकाहारी घरातील श्वानाचे दही-पनीरही तपासून पाहावे लागते. या काळात दुसरा घासही चालत नाही. आजी तुपाची पोळी देते, मुले बिस्कीट देतात, रखवालदाराकडून खारी मिळते, आणि तीन आठवड्यांनी ‘आहाराने काही झाले नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो बहुधा खरा नसतो.

मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके आजही सर्रास दिली जातात. त्यांनी जुलाब थांबतात, पण औषध संपताच अनेकदा परततात आणि आतड्यातील उपयुक्त जीवाणूंचीही हानी होते. म्हणून आता ती आहाराच्या आधी नव्हे, तर नंतर विचारात घेतली जातात.

आहाराने गुण न आल्यास भूल देऊन, दुर्बिणीद्वारे अस्तराचे तुकडे तपासले जातात. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. १८८६ मध्ये स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय नवी मुंबईकरांना खाडीपलीकडे पडते. टाटा ट्रस्ट्सचे प्राणी रुग्णालय आधी कळंबोलीत होणार होते; ते २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झाले. तपासणीपूर्वीच स्टिरॉइड दिल्यास आतड्याचा कर्करोग झाकला जाऊ शकतो, त्यामुळे ही फेरी टाळणे महागात पडू शकते.

दाह निश्चित झाल्यावर प्रेडनिसोलोन दिले जाते व काही आठवडे ते महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवली जाते. तहान, भूक आणि लघवी वाढते. सातव्या मजल्यावरील कुटुंबाला रात्री-अपरात्रीही लिफ्टने खाली उतरावे लागते. तरीही ते परस्पर थांबवणे धोक्याचे असते. रक्तातील बी-१२ कमी असल्यास तेही द्यावे लागते. अल्ब्युमिन फार घसरले, पोटात पाणी साचले, तर मात्र बरे होण्याची आशा बरीच कमी होते. वजन दर आठवड्याला नोंदवले असेल, तर त्या टप्प्याआधीची घसरण वेळीच लक्षात येऊ शकते.