सज्जातल्या पत्रकार

वार्षिक सभा म्हटली की आपल्याला हिशेब, निवडणूक आणि चहा-बिस्किटं आठवतात. पण सभासदांचं एक मत किती मोलाचं असतं बघा. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब १९०८ साली निघाला तो फक्त पुरुषांसाठी. १९५५ पासून महिला पत्रकारांना भाषणं ऐकायला वर सज्जात जागा मिळाली. पण प्रश्न विचारायची मुभा नाही! १९६३ साली समान हक्कांच्या मोर्चाचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ तिथे बोलले, तेव्हाही त्या सज्जातच. अखेर जानेवारी १९७१ मध्ये सभासदांनी २२७ विरुद्ध ५६ मतांनी महिलांना सभासदत्व दिलं. १९८२ साली एक महिला अध्यक्षही झाली. दार उघडायचं की नाही, हे सभासदांच्याच हाती होतं. त्यांना त्रेसष्ट वर्षं लागली, इतकंच.