थकबाकीदारांची यादी संगणक कशी काढतो?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका स्थापन झाली. अशा विलीनीकरणात दप्तरेही एकत्र येतात आणि एका गावचे घर क्रमांक १२५ दुसऱ्या गावच्या १२५ शेजारी येऊन बसते. संगणकीय नोंदींत प्रत्येक मालमत्तेला स्वतंत्र क्रमांक, म्हणजे 'प्रायमरी की', लागते ती याचसाठी.

उदाहरणादाखल मालमत्ता कराचे दोन तक्ते घेऊ. पहिल्यात मालमत्ता क्रमांक, विभाग व मालकाचे नाव. दुसऱ्यात पावती क्रमांक, मालमत्ता क्रमांक, वर्ष व रक्कम. मालकाचे नाव प्रत्येक पावतीवर पुन्हा नोंदवले जात नाही; मालमत्ता क्रमांक हाच दोन्ही तक्त्यांतील दुवा. या रचनेचा पाया आयबीएमचे संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये घातला. तिला प्रश्न विचारण्याची भाषा, आजची एसक्यूएल, त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली.

आता प्रश्न असा : नालासोपाऱ्यातील कोणत्या मालमत्तांची २०२४-२५ ची एकही पावती नाही? नवशिका दोन्ही तक्ते साध्या 'जॉइन'ने जोडतो आणि 'वर्ष २०२४-२५ नाही' अशी अट घालतो. उत्तर येते, पण ते चुकीचे असते. ज्याने यंदाही आणि गेल्या वर्षीही कर भरला, तो गेल्या वर्षीच्या पावतीमुळे यादीत येतो. ज्याने आजवर एक रुपयाही भरला नाही, त्याची पावतीच नसल्याने तो यादीतून गळतो. नोटीस प्रामाणिकाच्या दारी आणि बुडवा मोकळा!

यावर उपाय 'लेफ्ट जॉइन'चा. त्यात पहिल्या तक्त्यातील प्रत्येक मालमत्ता कायम राहते. पावती नसेल तेथे रिकामी जागा, म्हणजे 'नल', येते. वर्षाची अट जोडणीच्या 'ऑन' भागात लिहायची आणि 'व्हेअर'मध्ये पावती क्रमांक नल असल्याची. वर्षाची अट 'व्हेअर'मध्ये गेली, तर यादी कोरीच येते, कारण रिकाम्या जागेला वर्ष नसते. नालासोपाऱ्याची अट मात्र 'व्हेअर'मध्येच हवी; ती 'ऑन'मध्ये ठेवल्यास उर्वरित साऱ्या शहराची घरे थकबाकीदार ठरतील. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरूनही हेच साधते आणि वाचणाऱ्याला ते अधिक सरळ वाटते.

एवढ्याने काम संपत नाही. मालमत्ता कर सहामाही हप्त्यांत भरला जातो. एकच हप्ता भरलेला मालक वरील यादीत येणार नाही, कारण त्याची एक पावती आहे. दोन हप्ते भरणाऱ्याची मालमत्ता जोडणीनंतर दोनदा दिसते आणि त्या ओळींवरून मागणीची बेरीज केली, तर ती दुप्पट होते. म्हणून आधी त्या वर्षाच्या पावत्यांची मालमत्तावार बेरीज करून मगच ती पहिल्या तक्त्याशी जोडावी लागते. आणि जेथे बेरीज नल आहे, तेथे ती शून्य धरावी लागते.