रोपणाधारित कवळी

रोपणाधारित कवळी ही सर्व दात गमावलेल्या रुग्णांसाठी बनवली जाणारी कृत्रिम दंतपंक्ती आहे. जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूंचा, म्हणजेच दंतरोपणांचा, तिला आधार असतो.

पार्श्वभूमी

दात पडल्यानंतर त्यांना धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. साधी कवळी हिरड्यांवर केवळ टेकलेली असल्याने कालांतराने सैल होते. खालच्या जबड्यात टेकण्यास जागा कमी असते व जीभ सतत हलते. त्यामुळे तेथील कवळी बोलताना आणि चावताना अधिक सरकते.

टायटॅनियम जिवंत हाडाशी एकजीव होते, हे स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले.

प्रकार

काढघाल करता येणारी कवळी रोपणांवरील खटक्यांना किंवा दांडीला अडकते. स्थिर कवळी स्क्रूने पक्की बसवली जाते व तिला सहसा चार किंवा अधिक रोपणे लागतात. मात्र प्रत्येक दातासाठी स्वतंत्र रोपण आवश्यक नसते. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवरील कवळी हा पहिला पर्याय ठरवावा, अशी शिफारस केली.

मर्यादा

रोपणांना कीड लागत नाही. परंतु स्वच्छतेअभावी भोवतालच्या हिरड्या सुजून हाड झिजू शकते. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे रोपण अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. साध्या कवळीपेक्षा खर्चही अधिक येतो.