युद्धखेळांतील चाली : नियम व अर्थनिर्णय

पटावर मांडलेल्या सैन्यातील प्रत्येक घटकाने एका पाळीत कोठे, किती अंतर व कोणत्या अटीवर सरकावे, हे ठरविणाऱ्या नियमांस चालीचे नियम म्हणतात. मोहरे मारण्याविषयी खेळाडूंत सहसा वाद होत नाही. वाद होतो तो चालीविषयी. नियमाचे शब्द थोडे असतात आणि पटावर उद्‌भवणारे प्रसंग असंख्य असतात. अशा प्रसंगी नियमाचा अर्थ कोणी लावावयाचा, या प्रश्नाला बुद्धिबळाने एक उत्तर दिले व आधुनिक भूमिकाखेळांनी नेमके उलट.

भारतीय चतुरंगात हत्तीच्या चालीबाबत प्राचीन काळापासून एकवाक्यता नव्हती. नवव्या शतकातील अरबी खेळाडू अल्-अदली याच्या माहितीप्रमाणे भारतीयांचा हत्ती पटाच्या कोपऱ्यात असे व सरळ रेषेत दोन घरांवर उडी घेई. अरबांच्या शत्रंजमधील हत्ती तिरका, दोन घरांवर उडी घेई. सु. १०३० मध्ये अल्-बीरूनीने भारतात पाहिलेला हत्ती पुढे एक घर किंवा चार कोनांपैकी एका कोनात एक घर जाई. सोंड व चार पाय अशी त्याची उपपत्ती सांगितली जाई. दख्खनमध्ये कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात चतुरंगाचे वर्णन आढळते. मूळच्या पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात नीतिमयूखात या खेळाची चर्चा केली असून घोड्याला चौसष्ट घरांतून प्रत्येकी एकदाच फिरविण्याची कोडीही त्यात दिली आहेत. घोड्याची चाल बहुतेक सर्व देशांत व सर्व काळांत सारखीच राहिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

महाराष्ट्रासह भारतभर विसाव्या शतकापर्यंत खेळल्या जाणाऱ्या देशी बुद्धिबळात प्यादे सामान्यतः पहिल्या खेळीतही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची झेप घेता येई, मात्र तत्पूर्वी त्याला शह बसलेला नसावा. वादाचे मूळ याच अटीत होते. शह मध्ये मोहरे घालून लगेच तोडला, तर झेपेचा हक्क उरतो काय? झेपेत शत्रूचे मोहरे मारता येते काय? शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या उभ्या ओळीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. ते मोहरे अद्याप जिवंत असेल, तर प्याद्याचे काय करावयाचे, हेही गावोगाव निराळे होते. लिखित नियमावलीपेक्षा बैठकीतील जाणत्याचा शब्द मोठा असे. परगावच्या खेळाडूशी डाव मांडण्यापूर्वी अटी ठरवून घेणे त्यामुळे आवश्यक ठरे.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९२४ मध्ये पॅरिस येथे झाली. पुढे एकच नियमावली सर्वत्र रूढ होत गेली आणि अर्थभेदाला जागा उरली नाही. किल्लेकोटाच्या वेळी राजाला शह नसावा व शत्रूच्या माऱ्यातील घरावरून त्याने जाऊ नये, असे बंधन राहिले. पूर्वी शह बसून गेला असल्यास हरकत नाही, हे स्पष्ट झाले. या एकसूत्रीपणाची किंमत देशी पद्धतीवर वाढलेल्या खेळाडूंनी मोजली. पंजाबचा मीर सुलतान खान याने १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, पण डावाच्या प्रारंभीच्या खेळ्यांत तो अखेरपर्यंत कच्चा मानला गेला. एलुरू येथे १९५५ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, ते आंतरराष्ट्रीय नियमांनुसार. नाशिकमध्ये वाढलेला व २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झालेला विदित गुजराथी याच्या पिढीला राजाची झेप केवळ ऐकूनच ठाऊक असावी.

प्रशियात निराळा मार्ग निघाला. राइस्वित्स पितापुत्रांनी सिद्ध केलेल्या व १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युद्धखेळात घरे नव्हती. १ : ८,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन मिनिटांच्या एका पाळीत पायदळ व घोडदळ किती जाईल, हे भूभाग पाहून ठरे व पंच निर्णय देई. नियमांचे जंजाळ फार वाढल्यामुळे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा याने बहुतेक सर्व निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपविले.

याच परंपरेतून अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ १९७४ मध्ये निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो व सूत्रधार पंचाचे काम करतो. पुढील आवृत्त्यांत लढाई पाच फुटी चौकोनांच्या पटावर रूढ झाली. सामान्य मनुष्य एका पाळीत तीस फूट, म्हणजे सहा घरे चालतो. तिरके घर भूमितीने सुमारे सात फुटांचे असल्याने सहा तिरकी घरे म्हणजे प्रत्यक्षात बेचाळीस फूट होतात. २००० च्या आवृत्तीने प्रत्येक दुसरे तिरके घर दुप्पट मोजले, २००८ च्या आवृत्तीने सर्व घरे सारखी मानली आणि २०१४ च्या आवृत्तीने तीच सोपी मोजणी ठेवून जुनी पद्धत सूत्रधाराच्या इच्छेवर सोडली. बुद्धिबळाच्या राजालाही तिरके घर फुकटच मिळते. रिचर्ड रेटी याची १९२१ मधील प्रसिद्ध रचना याच विसंगतीवर उभी आहे : पांढरा राजा कर्णरेषेने येताना स्वतःचे प्यादे व शत्रूचे प्यादे या दोहोंकडे एकाच वेळी सरकतो आणि हरलेला वाटणारा डाव बरोबरीत सोडवितो.

भूमिकाखेळातील अधिक अवघड प्रश्न ‘चालणे’ या शब्दाचाच आहे. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यावर त्याला आयता वार करता येतो. परंतु धक्क्याने वा मंत्राने ढकलला गेलेला मनुष्य स्वतः चाललेला नसल्याने त्याच्यावर तो वार होत नाही, असे २०१४ चे नियम सांगतात. भीतीचा मंत्र पडून स्वतःच्या पायांनी पळणारा मनुष्य मात्र चाललेला मानला जातो, कारण तो स्वतःचीच चाल खर्च करतो. ज्या प्रसंगी नियमाचे शब्द कोणतीच बाजू घेत नाहीत, तेथे सूत्रधार निर्णय देतो आणि तो त्या बैठकीपुरताच बंधनकारक असतो.