सुरण खरंच ‘सुपरफूड’ आहे का? मूळव्याध, मधुमेह आणि वजनाबद्दलच्या दाव्यांत तथ्य किती?

नवरात्र किंवा श्रावण आला की मोबाईलवर सुरणाचे व्हिडिओ फिरायला लागतात. ‘हा कंद खा, मूळव्याध मुळापासून जाईल’, ‘मधुमेहींनी हवा तेवढा खावा’, ‘आठवड्याभरात वजन कमी’ असे दावे त्यात केले जातात. दुसरीकडे अनेक घरांत ‘सुरण नको, घसा खाजतो’ म्हणून तो आणलाच जात नाही.

मग या ओबडधोबड, मातकट कंदात नेमकं काय असतं? तो कुणी खावा आणि कुणी जपून?

सुरण म्हणजे नेमकं काय?

सुरणाचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस पिओनिफोलिअस. हिंदीत त्याला जिमीकंद किंवा ओल म्हणतात. आपण त्याला सर्रास कंदमूळ म्हणत असलो, तरी तो मूळ नाही. ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. अळू ज्या कुळातला, त्याच कुळातला सुरण.

ही वनस्पती दक्षिण आणि आग्नेय आशियातली. उपवासाच्या ताटातले बटाटा, रताळं आणि साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओका, हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे या ताटात खरा इथला असेल तर तो सुरण.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात येणारी शेवळं ही सुरणाच्याच एका रानटी भावंडाचे कोंब. शेवळांची भाजी करताना त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात, कारण शेवळंही खाजतात.

100 ग्रॅम सुरणात काय मिळतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या भारतीय अन्नपदार्थांच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या सुरणात साधारण इतके घटक असतात:

- ऊर्जा: 79 किलोकॅलरी
- कर्बोदकं: 18 ग्रॅम
- प्रथिनं: 1.2 ग्रॅम
- स्निग्ध पदार्थ: 0.1 ग्रॅम
- कॅल्शियम: 50 मिलिग्रॅम
- लोह: 0.6 मिलिग्रॅम

त्याच तक्त्यांत 100 ग्रॅम बटाट्यात 97, रताळ्यात 120 आणि साबुदाण्यात 351 किलोकॅलरी दिल्या आहेत. बटाट्यात कॅल्शियम 10 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. सुरणात तंतुमय पदार्थ बटाट्यापेक्षा जास्त असतात आणि पोटॅशियमही चांगलं असतं.

पण हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साबुदाणा कोरडा असतो आणि सुरणात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणी असतं. त्यामुळे 351 आणि 79 ही तुलना सरळ करता येत नाही. साबुदाणा भिजताना स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितो असं धरलं, तर भिजवलेल्या 100 ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 175 किलोकॅलरी उरतात. तरीही हा आकडा सुरणाच्या दुप्पट आहे. त्यात साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि तंतू नावापुरतेच असतात.

थोडक्यात, उपवासाला खिचडीऐवजी सुरणाची भाजी हा चांगला बदल आहे. मात्र सुरण प्रथिनांसाठी पुरेसा नाही. सोबत दही, ताक किंवा शेंगदाणे हवेतच.

दावा 1: ‘सुरण खाल्ल्याने मूळव्याध बरी होते’

या दाव्याला जुना आधार आहे. संस्कृतमध्ये सुरणाला ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असं नावच आहे. भावप्रकाश निघंटूमध्ये कंदभाज्यांत सुरण श्रेष्ठ मानला आहे. आयुर्वेदात सूरणवटक नावाचं औषधही आहे.

पण औषध म्हणून तयार केलेला कल्प आणि ताटातली भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजीतल्या तंतूंमुळे शौचाला साफ व्हायला मदत होते. बद्धकोष्ठता कमी झाली की मूळव्याधीचा त्रासही हलका होऊ शकतो. एवढा फायदा कुठल्याही तंतुमय भाजीकडून अपेक्षित असतो.

धोका वेगळाच आहे. शौचातून रक्त जाण्याचं कारण दरवेळी मूळव्याधच असेल असं नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं. व्हिडिओ पाहून महिनोन्‌महिने सुरण खात बसलं, तर योग्य तपासणीला उशीर होतो. रक्त दिसलं की आधी डॉक्टरांकडे जायला हवं.

दावा 2: ‘मधुमेहींनी हवा तेवढा खावा’

सुरणातलं मुख्य कर्बोदक स्टार्च आहे आणि स्टार्चची शेवटी साखरच होते. 150 ग्रॅम सुरणात सुमारे 27 ग्रॅम कर्बोदकं असतात. 20 ग्रॅम कणकेच्या दोन फुलक्यांत साधारण तेवढीच असतात.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी सुरण टाळायची गरज नाही, पण तो पालेभाजीसारखा मोकळ्या हाताने वाढून घेण्याचा पदार्थही नाही. ताटात सुरण असेल, तर पोळी किंवा भात त्या हिशेबाने कमी करायला हवा.

दावा 3: ‘वजन घटवतो, हार्मोन्स सुधारतो’

हे दोन्ही दावे बरेचसे नावांच्या गोंधळातून आलेले दिसतात.

जपानमध्ये कोन्याकू आणि शिराताकी नूडल्स ज्या कंदापासून बनतात, तो कोंजॅक हा सुरणाच्याच प्रजातीगटातला. त्यात ग्लुकोमॅनन नावाचा तंतू भरपूर असतो. तो पचत नाही आणि पाणी धरून फुगतो, म्हणून ते नूडल्स कमी कॅलरीचे म्हणून विकले जातात. सुरणात मात्र स्टार्च मुख्य आहे. कोंजॅकचे गुण सरसकट सुरणाला चिकटवता येत नाहीत.

दुसरा गोंधळ ‘याम’ या शब्दाचा. सुरणाला इंग्रजीत एलिफंट फूट याम म्हणतात, पण तो खरा याम नाही. खरे याम म्हणजे आपल्याकडचे कोनफळ, कणगर, करांदे. यामच्या काही जातींत डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं. 1940 च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या यामपासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं होतं. तो बदल रासायनिक प्रक्रियेने झाला. माणसाचं शरीर तो करू शकत नाही. त्यामुळे सुरण खाऊन हार्मोन्स सुधारतात या म्हणण्याला आधार उरत नाही.

घसा का खाजतो?

सुरणात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे टोकदार, अतिशय बारीक स्फटिक असतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला सुरण खाल्ला की हे स्फटिक जीभ, टाळू आणि घशाला टोचतात. चिरताना हातांना खाज सुटते तीही यामुळेच.

त्यावर स्वयंपाकघरात जुने उपाय आहेत:

- हातांना तेल लावून साल जाडसर काढायची.
- फोडी चिंच, आमसूल किंवा आंबट ताक घातलेल्या पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं.
- फोडी मऊ शिजल्याशिवाय पुढची कृती करायची नाही. काप करायचे असतील तरी आधी उकडून घ्यायचे.

उकडल्याने पाण्यात विरघळणारी ऑक्सलेट्स बरीच निघून जातात. त्यासोबत थोडं पोटॅशियमही जातं, पण हा सौदा परवडणारा आहे. आंबट घातलं की खाज कमी होते, हा कोकणापासून केरळपर्यंतच्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ‘कच्च्या सुरणाचा रस प्या’ असं सांगणारा व्हिडिओ मात्र थेट दुर्लक्षित करावा. खाल्ल्यावर तोंड किंवा घसा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावं.

सगळेच सुरण सारखे खाजत नाहीत. आंध्र प्रदेशातल्या कोव्वूरची ‘गजेंद्र’ आणि तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेची ‘श्री पद्मा’ या कमी खाजणाऱ्या जाती म्हणून ओळखल्या जातात.

कुणी जपून खावा?

- मुतखडा झालेले: बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात. सुरण आहारात ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारावं.
- मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले: पोटॅशियमवर मर्यादा असेल तर सुरणही त्या हिशेबात येतो.
- मधुमेही: प्रमाण ठरवून, पोळी-भात कमी करून.
- वजन कमी करणारे: उकडलेला सुरण आणि तळलेले सुरणाचे वेफर्स यांत फरक तेलाचा आहे. कंद तोच असला तरी कॅलरी कितीतरी वाढतात.

मग सुरण खायचा की नाही?

नक्की खायचा. कमी स्निग्ध पदार्थ, तंतू, पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि बटाट्यापेक्षा कमी कॅलरी, इतकं देणारा हा इथला कंद आहे. अख्खा कंद कोरड्या, हवेशीर जागी बरेच दिवस टिकतो. लागेल तेवढा कापून घेता येतो.

फक्त त्याला औषधाच्या जागी बसवू नये. आमसूल घालून नीट उकडलेली सुरणाची भाजी हे उत्तम जेवण आहे. दुखण्यासाठी तपासणी आणि उपचार वेगळे करायलाच हवेत.