पारोळ्याचा किल्ला आणि भुसावळची कबर

गेल्या हिवाळ्यात युवकांचा एक गट घेऊन आम्ही पारोळ्यास गेलो होतो. गावातील भुईकोट किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला. खंदक, तट, बुरूज आणि शेजारचे तळे पाहून मुलांनी भर दुपारी मोबाइलवर शेकडो छायाचित्रे काढली. परतीच्या वाटेवर एकाने आम्हांला विचारले, ‘फादर, किल्ला एवढा थोरला, मग फोटोत एवढासा कसा आला?’

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही खानदेशच्याच इतिहासात शिरलो. भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. मद्रास सैन्यातील हे अधिकारी १८४४ साली कंपनी सरकारच्या नेमणुकीवरून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी आले. अजिंठा गावच्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले आणि वर्षानुवर्षे तैलरंगांत नकला रंगविल्या. त्यांपैकी बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या वास्तूस आग लागली आणि मोजकी चित्रे वगळता सारे श्रम भस्मसात झाले.

तथापि गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ सालीच लंडनला निघाली होती. पहिल्यात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० जोडचित्रे. रंगविलेली नकल एकच असते, ती जळाली की संपली. काचेच्या एका निगेटिव्हवरून मात्र अनेक प्रती निघतात व त्या घरोघरी विखुरतात. म्हणूनच ही छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात.

ती कशी काढली जात, हे समजून घेण्याजोगे आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरावयाचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची. चित्र घेताच ती काळोख्या तंबूत नेऊन धुवावयाची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे लागे, आणि उन्हाळ्यात तर काच त्याहूनही लवकर वाळे. सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिमालयात गेले तेव्हा सामान वाहण्यास सुमारे ३० हमाल सोबत होते. त्या हमालांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. देखावा एका माणसाच्या नावावर राहिला, त्याचे ओझे मात्र अनेकांनी वाहिले.

एवढा खटाटोप असल्यामुळे छायाचित्रकार आधी पायी हिंडून जागा निवडी. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत. दरीत उभे राहिल्यास त्यांतील काहीच दिसतात, समोरच्या टेकडीवर चढले म्हणजे सारी कमान नजरेत येते. उभे राहण्याची जागा हे या कलेचे पहिले साधन होय.

दुसरी गोष्ट खोलीची. जोडचित्रांच्या कॅमेऱ्यास डोळ्यांप्रमाणे दोन भिंगे असत. ती दोन चित्रे स्टिरिओस्कोपमधून पाहिली की जवळचे जवळ व दूरचे दूर दिसे. आपल्या साध्या चित्रात ही खोली आपणच निर्माण करावी लागते. पुढे एखादा दगड वा झाड, मध्ये पाणी, मागे तट अशी रचना करावी. प्रमाण कळावे म्हणून जुने छायाचित्रकार वास्तूजवळ माणूस उभा करीत. मोबाइलचे भिंग रुंद देखावा घेते, त्यामुळे दूरची वस्तू लहान होते. आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. ओल्या काचेला निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसे, म्हणून जुन्या चित्रांतले आकाश कोरे असते. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास आकाश व समुद्र यांच्या दोन निगेटिव्ह जोडून ही अडचण दूर केली. आजचा मोबाइल अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो, ते त्याच युक्तीचे नवे रूप. परंतु भर दुपारचे सपाट ऊन कोणतीही युक्ती बदलू शकत नाही. सकाळचे तिरके ऊन पडले म्हणजेच दगडाचा पोत उठून दिसतो.

अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात लहानसे चर्च आहे आणि मावळत्या उन्हात उजळलेले कबरींवरचे क्रूस आहेत. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता ठाऊक असल्याने त्यांनी मनातच हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेण्याआधीच क्रूसांवरील ऊन सरले. अ‍ॅडम्स स्वतः त्याचे साल निरनिराळे सांगत. पुढे खगोलगणिताने दिवस ठरला, १ नोव्हेंबर १९४१, सर्व संतांचा सण!

येथे आमचीही एक चूक सांगतो. सेमिनरीत असताना सुट्टीत आम्ही वडिलांना अजिंठ्यास नेले होते. उसना कॅमेरा, ३६ चित्रांचा एकच रीळ. समोरच्या टेकडीवर त्यांना उभे करून मोठ्या हौसेने चित्रे काढली. रीळ आत नीट अडकलेलाच नव्हता, हे धुवावयास दिल्यावर कळले. पुढच्या पावसाळ्यात वडील वारले. तो देखावा आजही तेथे आहे, पण त्यात उभा असलेला माणूस नाही.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांस आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी किल्ल्यावर जाल तेव्हा सकाळी जा. आधी हिंडा, मग उभे राहा. चित्रात घरातल्या वडीलधाऱ्यांना घ्या. त्यांतले एक तरी चित्र कागदावर छापा, त्याच्या मागे स्थळ, दिनांक व नावे लिहा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावयास द्या. पारोळ्याची ती मुले पुढल्या रविवारी मिस्सा आटोपून पुन्हा जाणार आहेत. या खेपेस त्यांच्यापैकी एकाची आजीही बरोबर येते आहे.